नको म्हणणारे तिघे

बीटल्सच्या रेकॉर्डी जमवणं हा तसा लवकर संपणारा नाद आहे. १९६३ ते १९७० या काळात चौघांनी मिळून ज्या एलपी काढल्या, त्या ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ धरून तेरा. एका कप्प्यात चार-पाच बोटं जागा केली की सगळा इतिहास उभा राहतो. शहाणा माणूस इथे थांबतो आणि उरलेलं आयुष्य त्या तेरा रेकॉर्डी ऐकण्यात घालवतो. पण एक दुसरी जात आहे. तिला तेरावी रेकॉर्ड मिळाल्यावर रितं रितं वाटायला लागतं. मग शोध घेता घेता असं निघतं, की ही मंडळी फुटल्यावर एकही जण गप्प बसलेला नाही. जॉनचे वेगळे, पॉलचे वेगळे, जॉर्जचे वेगळे. एकट्या रिंगोचे स्टुडिओ अल्बम वीसहून जास्त आहेत! ही बातमी ऐकून ज्याच्या पोटात गोळा येतो, तो सुटला. मला गुदगुल्या झाल्या.

या नादाला समाजात प्रतिष्ठा नाही. ‘मला बीटल्स आवडतात’ म्हणणाऱ्याला लोक रसिक समजतात. ‘माझ्याकडे रिंगोचे सगळे आहेत’ म्हटलं की तेच लोक आवाज खाली आणून ‘बाकी घरी सगळं ठीक ना?’ असं विचारतात.

या मालाचा बाजारभाव मला पुण्याच्या जुन्या बाजारात कळला. बुधवार-रविवार भरणाऱ्या त्या बाजारात गंजलेले पाने, घड्याळांची आतडी आणि मुठी नसलेल्या छत्र्या यांच्या मधोमध एका पोत्यावर रेकॉर्डींचा ढीग होता. त्यात रिंगोचा १९७४ सालचा ‘गुडनाइट व्हिएन्ना’ होता. कव्हरवर उडत्या तबकडीच्या दारात अंतराळवीराच्या वेषातला रिंगो, शेजारी एक धिप्पाड यंत्रमानव. कव्हराचा एक कोपरा उंदराने चाखलेला, लेबलवर बॉलपेनने ‘सप्रेम भेट’ आणि त्याखालचं नाव खोडलेलं. ज्याला भेट मिळाली त्याने ती फार दिवस सांभाळली नसावी.

“बीटल आहे काका, बीटल. आठशे.”

“आठशे चौघांचे. हा एकटाच आहे.”

त्याने कव्हर हातात घेऊन यंत्रमानवाकडे पाहिलं. तो माणसांत धरायचा की नाही, याचा विचार करत असावा. “बरं, मग दोनशे द्या.”

भागाकार इतका चोख होता, की मला पुढे घासाघीस करायची लाज वाटली. तरी सवयीने म्हणालो, “गाणारा नाही हो, हा ड्रम वाजवणारा.”

“दीडशे.”

इंग्रजी साप्ताहिकांतल्या कित्येक पानी समीक्षा मी वाचल्या आहेत. इतक्या कमी शब्दांत रिंगोचं मूल्यमापन कोणी केलेलं नाही.

या क्षेत्रात शिरल्यावर पहिलं भांडण लागतं ते ‘पहिला कोण’ यावर. एक पंथ सांगतो, ‘द फॅमिली वे’ या सिनेमाला पॉलने दिलेल्या संगीताची रेकॉर्ड १९६७ साली आली, तोच पहिला एकट्याचा अल्बम. पण त्यावर वाजवणारा वाद्यवृंद बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याचा. दुसरा पंथ जॉर्जच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ला पहिलेपण देतो. त्यावर जॉर्ज चकार शब्द गात नाही. मी या दुसऱ्या पंथाचा, आणि त्याला कारण निव्वळ स्थानिक अभिमान. १९६८च्या जानेवारीत जॉर्ज मुंबईला आला आणि फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून त्याने या अल्बमचा भारतीय भाग ध्वनिमुद्रित केला. दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून आणवलं होतं. कव्हरवर वादकांची नावं आहेत : आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, महापुरुष मिश्र आणि बासरीवर एस. आर. केंकरे! बीटल्सपैकी कोणीही एकट्याने काढलेला पहिला अल्बम, आणि त्यावर एक केंकरे. ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे विचारतात, “कुठले केंकरे?” आणि मग गप्पा बीटल्सवर परत येत नाहीत.

हा अल्बम घरात पहिल्यांदा लावला तेव्हा सुरुवातीलाच सनई लागली, तीही बरीच उदास. आतून आईचा आवाज आला, “अरे, कोण गेलं?” तिच्या पिढीला आकाशवाणीवर अवेळी असं काही वाजलं की दुखवटा एवढंच ठाऊक.

“कोणी नाही गं. जॉर्ज हॅरिसन आहे.”

“अरेरे. कधी?”

“दोन हजार एक साली.”

“मग आज काय?”

हे असे अल्बम ऐकत गेलं की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. बँडमध्ये असताना प्रत्येकाला ‘नको रे’ म्हणणारे तिघे असतात. एखाद्याच्या डोक्यात काहीतरी भलतंच शिरलं, की दुसरा घड्याळ बघतो, तिसरा चहा मागवतो आणि चौथा “जेवून आल्यावर बघू” म्हणतो. त्यातूनही ‘रेव्होल्यूशन ९’सारखं एखादं प्रकरण निसटतंच, पण एकूण बंदोबस्त चोख असतो. एकट्याच्या अल्बमात हे तिघे नसतात. उरतो तो साहेबांचं कौतुक करणारा इंजिनिअर आणि बिल लावणारी कंपनी.

जॉनचंच बघा. मे १९६८मध्ये एका रात्री तो आणि योको घरातल्या टेपरेकॉर्डरपुढे बसले आणि शीळ, किंचाळ्या, पियानोचे तुकडे असं जे काही झालं त्याचा ‘टू व्हर्जिन्स’ हा अल्बम निघाला. कव्हरवर दोघेही पूर्ण विवस्त्र. ईएमआयने तो वितरित करायला नकार दिला, दुसऱ्यांनी तो खाकी कागदाच्या वेष्टनात घालून विकला आणि अमेरिकेत न्यूआर्क विमानतळावर त्याच्या तीसेक हजार प्रती पोलिसांनी जप्त केल्या. यातलं दुःख पोलिसांना नाही, संग्राहकांना आहे, कारण आता मूळ खाकी वेष्टनासकट हवा तर किंमत चढते. रेकॉर्ड कोणी ऐकत नाही, कव्हर भिंतीवर लावता येत नाही, आणि पैसे मोजायचे ते वाण्याच्या पुडीच्या कागदाचे. आमच्या घरात ते वेष्टन तसंही लागतंच. मे महिन्यात भाचरं येतात.

पुढच्या वर्षी दोघांनी ‘वेडिंग अल्बम’ काढला. हा अल्बम म्हणजे पेटी. आत लग्नाच्या दाखल्याची प्रत, वर्तमानपत्रांची कात्रणं, फोटो आणि लग्नाच्या केकच्या तुकड्याचं चित्र. एका बाजूला, बावीस मिनिटांच्या वर, जॉन “योको” म्हणतो आणि योको “जॉन” म्हणते. कधी कुजबुजून, कधी ओरडून, कधी रडवेल्या सुरात. मागे दोघांच्या हृदयाचे ठोके. आपल्याकडे नवरीला नाव घ्यायचा आग्रह होतो तेव्हा ती दोन ओळींत आटपते, वर यमकही जुळवते. हा यमक नसलेला बावीस मिनिटांचा उखाणा. आमच्याकडे तो लावला तेव्हा बायकोने सहाव्या मिनिटाला येऊन विचारलं, “अहो, ती एवढ्या हाका मारतेय, तो जात का नाही?” मी म्हणालो, तो शेजारीच बसलाय. ती बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली.

या अल्बमची समीक्षा हा एक वेगळाच नमुना. ‘मेलडी मेकर’च्या समीक्षकाकडे चाचणीच्या तबकड्या आल्या. त्या दोन होत्या आणि प्रत्येकीची एक बाजू कोरी, नुसता एकसुरी आवाज भरलेली. त्याला वाटलं हा चार बाजूंचा अल्बम आहे. त्याने चारही बाजू मन लावून ऐकल्या आणि त्या एकसुरी आवाजातल्या सूक्ष्म चढउतारांबद्दलही लिहिलं. लोक त्याला हसले. जॉन आणि योकोने मात्र तार करून त्याचे आभार मानले. मी त्या समीक्षकाच्या बाजूने आहे. ती रेकॉर्ड एवढी मन लावून ऐकणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. यात मीही आलो.

जॉर्जची कथा उलट्या बाजूने सुरू होते. त्याला तिघांचं ‘नको’ जरा जास्तच मिळालं. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे गाणं त्याने १९६९च्या जानेवारीत बाकीच्यांपुढे मांडलं, तालमीही झाल्या, आणि ते बाजूला पडलं. अशी पडून राहिलेली गाणी घेऊन त्याने १९७०च्या नोव्हेंबरात एकदम तीन तबकड्यांचा अल्बम काढला. पहिल्या दोन ऐकताना त्या तिघांचा राग येतो. इतकी वर्षं काय दाबून ठेवलंत रे! मग तिसरी तबकडी लावावी. तिच्यावर मित्रमंडळी जमून नुसती वाजवत बसलेली आहेत. कोणालाच घरी जायची घाई दिसत नाही. तिघांबद्दलचा राग ती निम्मी व्हायच्या आत ओसरतो. माझ्या प्रतीच्या पहिल्या दोन तबकड्यांवर सुईचे चरे आहेत आणि तिसरी अजून आरशासारखी आहे. मी ही प्रत ज्याच्याकडून घेतली त्याची अभिरुची याहून स्पष्ट कशी कळणार?

याच अल्बमातलं ‘माय स्वीट लॉर्ड’ जगभर गाजलं आणि कोर्टातही. ‘द शिफॉन्स’ या मुलींच्या गटाच्या जुन्या गाण्याशी त्याची चाल जुळते असा दावा लागला. १९७६ साली न्यायाधीशांनी निर्णय दिला, की जॉर्जने ती नकळत, अबोध मनाने उचलली. स्टुडिओत तेव्हा भरपूर माणसं होती, पण “अरे, हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय” म्हणायला पॉल नव्हता. पॉलने ते नक्की म्हटलं असतं, आणि तेही सगळ्यांसमोर.

पॉलने मात्र ‘नको’ म्हणणाऱ्यांचा बंदोबस्त सर्वांत कडक केला. १९७०च्या एप्रिलमध्ये त्याचा ‘मॅकार्टनी’ आला तो चौघांचा ‘लेट इट बी’ यायच्या आधी. तारीख पुढे ढकल, अशी चिठ्ठी घेऊन बाकीच्यांनी त्याच्या घरी कोणाला पाठवावं? रिंगोला. पॉलने त्याला घराबाहेर काढलं. त्या अल्बमात सगळी वाद्यं पॉलनेच वाजवली आहेत, बायको लिंडाचा आवाज तेवढा जोडीला. वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, त्याने भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या हायकोर्टात दावाही ठोकला.

पुढची उणीदुणी निघाली ती कव्हरांवर. ‘रॅम’च्या कव्हरवर पॉल मेंढ्याची शिंगं धरून उभा आहे. जॉनने ‘इमॅजिन’बरोबर एक पोस्टकार्ड दिलं, त्यात तो त्याच थाटात डुकराचे कान धरून उभा. जगाला शांतीचं स्वप्न दाखवणाऱ्या अल्बमच्या आत हे डुक्कर! जुन्या प्रतींतून ते पोस्टकार्ड हटकून गायब झालेलं असतं, त्यामुळे संग्राहकाच्या लेखी ‘इमॅजिन’चे दोनच प्रकार : डुकरासह आणि डुकराविना. लंडनला असलेल्या भाच्याला मी एका दुकानात चौकशी करायला सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, तू इथे येऊन स्वतः विचार. मला या देशात अजून राहायचंय.”

पॉलचा माझा सर्वांत लाडका अल्बम पॉलच्या नावावरच नाही. १९७१ साली त्याने ‘रॅम’ची सगळी गाणी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली आणि टेप ठेवून दिली. १९७७मध्ये ती ‘थ्रिलिंग्टन’ म्हणून बाहेर आली. निर्माता कोण, तर पर्सी ‘थ्रिल्स’ थ्रिलिंग्टन नावाचा कोणी खानदानी रईस. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. पण लंडनच्या वर्तमानपत्रांत त्याच्या हालचालींच्या छोट्या जाहिराती छापून येत होत्या : आज साहेब अमुक गावी, उद्या तमुक ठिकाणी. ज्याला कोणी ओळखत नाही तो कुठे गेला हे पैसे भरून छापायचं, आणि स्वतःची रेकॉर्ड खपू नये याची इतकी काळजी घ्यायची! ती खपलीही नाही. पॉलने कबुली दिली ती थेट १९८९ साली. मग काय, आमच्या जातीच्या लोकांनी बाजार पालथा घातला. बारा वर्षं जे कोणी फुकट नेलं नसतं, त्याच्यासाठी रांगा.

पॉलला संग्राहक कळतो, असा माझा संशय आहे. ‘मॅकार्टनी III’ २०२०च्या डिसेंबरात आला तो इतक्या रंगांच्या तबकड्यांत, की साड्यांच्या दुकानात बसल्याचा भास व्हावा. त्यातली एक आवृत्ती फक्त ३३३ प्रतींची, पिवळ्यावर काळे ठिपके असलेली. ती करण्यासाठी ‘मॅकार्टनी’ आणि ‘मॅकार्टनी II’च्या जुन्या ३३ प्रती वितळवल्या म्हणे. म्हणजे नव्यासाठी जुनं मारायचं, आणि त्यापायी जुनंही दुर्मीळ करून ठेवायचं. सहकारी साखर कारखान्यांच्या राजकारणातही इतका पुढचा विचार मी पाहिलेला नाही.

सगळेच संग्राहकाला असं खेळवत नाहीत. ‘किस’ या अमेरिकन बँडच्या चौघांनी १८ सप्टेंबर १९७८ला एकाच दिवशी एकेकट्याचे चार अल्बम काढले, एकसारख्या धाटणीच्या कव्हरांत. संग्राहकाच्या दृष्टीने याहून सज्जनपणा नाही. चार घ्या, घरी जा.

जॉन आणि योकोने मात्र उलट केलं. १९७०च्या डिसेंबरात दोघांचे ‘प्लास्टिक ओनो बँड’ नावाचे दोन अल्बम जवळपास सारख्या कव्हरांत आले. झाडाखाली दोघे विसावलेले. एकात ती त्याला रेललेली, दुसऱ्यात तो तिला. माझा एक मित्र उजेड कमी असलेल्या दुकानातून मोठ्या आनंदाने योकोचा घेऊन आला. त्यात गाण्यापेक्षा आरोळ्या जास्त. त्याने तो पूर्ण ऐकला, कारण त्याला वाटलं जॉन फारच खचला होता.

राहिला रिंगो. बाकीच्या तिघांना ‘नको’ म्हणणारं कोणी उरलं नाही. रिंगोला ‘नको’ कोणी म्हणूच शकत नाही. १९७३च्या ‘रिंगो’ या अल्बमासाठी जॉनने गाणं दिलं, जॉर्जने दिलं, पॉलने दिलं, आणि तिघेही येऊन वाजवून गेले. फक्त एकाच वेळी, एकाच खोलीत नव्हे. पॉल वेगळ्या गाण्यांवर, जॉन आणि जॉर्ज वेगळ्या. कोर्टात एकमेकांविरुद्ध कागद दाखल करणारे हे लोक रिंगोने बोलावलं की मुकाट्याने यायचे. फुटल्यानंतर चौघांची नावं एकाच कव्हरात वाचायची असतील तर ती या ढोलवाल्याकडेच.

पण माणसाने किती दिवस लोकांच्या मेहेरबानीवर काढायचे? १९७७ साली रिंगोने ‘रिंगो द फोर्थ’ काढला. नाव फोर्थ, पण मोजून बघितलं तर सहावा. कव्हरवर रिंगोच्या खांद्यावर एक बाई बसली आहे, आत डिस्को आहे. अमेरिकेच्या यादीत तो १६२व्या क्रमांकापर्यंत चढला. १९८३च्या ‘ओल्ड वेव्ह’ची गत तर अशी, की ब्रिटन किंवा अमेरिकेत तो काढायला कोणी कंपनीच मिळाली नाही. तो जर्मनी, कॅनडा अशा ठिकाणी निघाला. मला या दोन रेकॉर्डींबद्दल जी माया आहे ती ‘अ‍ॅबी रोड’बद्दल नाही. ‘अ‍ॅबी रोड’ला सगळं जग आहे. ‘रिंगो द फोर्थ’ला मी नाही तर कोण?

बायकोने परवा विचारलं, “हे पूर्ण कधी होणार?” प्रश्न साधा, पण उत्तर अवघड. पॉल आणि रिंगो अजून काम करताहेत. रिंगोने २०२५च्या जानेवारीत, वयाच्या ८४व्या वर्षी, ‘लुक अप’ हा कंट्री संगीताचा नवा अल्बम काढला. संग्रह पूर्ण व्हावा असं मनात आणणं म्हणजे दोन म्हाताऱ्यांचं वाईट चिंतणं. बरं, माणूस गेल्यावरही सुटका नाही. जॉनचा ‘मिल्क अँड हनी’ त्याच्या मृत्यूनंतर चौथ्या वर्षी आला, जॉर्जचा ‘ब्रेनवॉश्ड’ वर्षभराने. हे सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे यापुढे काहीच आणायचं नाही.” आमच्या घरातले ते तिघे म्हणजे ती एकटीच.

याच बैठकीत मी पीट बेस्टचा विषय काढला. रिंगोच्या आधीचा ड्रमवाला. ऑगस्ट १९६२मध्ये, पहिली तबकडी निघायच्या तोंडावर, याला काढून टाकलं, आणि तेही मित्रांनी तोंडावर सांगितलं नाही. मॅनेजरला सांगायला लावलं. पुढे त्याने ‘बेस्ट ऑफ द बीटल्स’ नावाची एलपी काढली. नाव शब्दशः खरं, पण बीटल्सची निवडक गाणी समजून ज्यांनी ती घेतली त्यांचं काय झालं असेल ते असो. तो संग्रहात धरायचा की नाही यावर आम्हा संग्राहकांत दोन तट आहेत. मग १९९५ साली बीटल्सचा ‘अँथॉलॉजी १’ आला. त्याच्या कव्हरवर जुना फोटो आहे, आणि त्यातला पीटचा चेहरा नेमका फाडून काढलेला. २००८मध्ये पीटच्या बँडने ‘हेमन्स ग्रीन’ हा अल्बम काढला. त्याच्या कव्हरवर काय आहे? तोच फाडलेला तुकडा.

बायको हे सगळं लक्ष देऊन ऐकत होती. माझ्या कुठल्याही रेकॉर्डची गोष्ट तिने अशी ऐकल्याचं मला आठवत नाही.

“हा घ्या,” ती म्हणाली. “हा आधी घ्यायला हवा होता.”

मी म्हणालो, घेतो, पण कप्प्यात आता जागा नाही. तेव्हा ती उठली, खालच्या फळीवरून बोट फिरवत गेली आणि खांद्यावर बाई बसलेला तो रिंगो तिने बाहेर काढून माझ्या हातात दिला.